नाच फडाचा, गाणं सिनेमाचं

मराठी सिनेमा लावणीकडून साठ-पासष्ट वर्षं उसनं घेतोय. १९५९चा 'सांगत्ये ऐका', १९७२चा 'पिंजरा', २०१०चा 'नटरंग', २०२२चा 'चंद्रमुखी'. वसंत पवार, राम कदम, अजय-अतुल. या संगीतकारांनी ढोलकीचा ठेका अशा घरांत पोचवला जिथे 'तमाशा' हा शब्द पोरांसमोर काढायची सोय नव्हती. त्याबद्दल कोणी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. कला अशीच इकडून तिकडे जाते.

माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. पडद्यावरच्या तमाशासाठी ज्यांनी इतका जीव ओतला, त्यांच्याकडे एखादा खरा फड किंवा एखादी खरी संगीत बारी जाऊन म्हणू शकते का, की "आमच्या स्टेजसाठी दोन-तीन तासांचं नवं संगीत करून द्या"? आणि म्हणालीच, तर त्याचे पैसे कोण देणार? उत्तर तुम्हालाही माहीत आहे. म्हणून आज उलटी गंगा वाहते. सिनेमाने फडावरून उचललेली लावणी चकचकीत होऊन फडावर परत येते, आणि खरी नाचणारी बाई पडद्यावरच्या नाचणारीची नक्कल करत उभी राहते. मग आपणच नाक मुरडतो, की लावणीत आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही.

जगात हा प्रश्न बॅलेच्या नावाने विचारला जातो. सिनेमाला संगीत देणारी एवढी मोठी मंडळी आहेत, मग ती बॅलेसाठी का लिहीत नाहीत? बॅले म्हणजे संवादाशिवाय, फक्त नाच आणि संगीत यांच्या जोरावर उभी केलेली संध्याकाळभराची गोष्ट. आपल्याकडे बॅलेच्या कंपन्या नाहीत म्हटलं तरी चालेल. पण नाच, ठेका आणि गाणं यांच्या जोरावर रात्र जागवणारं स्टेज आपल्याकडे पेशवाईपासून आहे. मी राहतो त्या कुरुळीतून पुणे-नाशिक हायवे धरला की चाकण, राजगुरुनगर, मंचर करत पन्नासेक किलोमीटरवर नारायणगाव येतं. विठाबाईंचं नारायणगाव, तमाशाची पंढरी. चैत्राच्या तोंडावर तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या येऊन सुपारी देऊन जातात. त्यामुळे बॅलेचा प्रश्न मी इथे, या हायवेवर उभा राहून विचारणार आहे. आपलं स्टेज हे आहे.

चार मिनिटांचं गाणं

आधी एक गैरसमज बाजूला करू. सिनेमाचे संगीतकार नाचासाठी लिहीत नाहीत असं म्हणता येत नाही. भारतात तर ते सतत नाचासाठीच लिहितात. गाणं आधी रेकॉर्ड होतं, मग सेटवर ते वाजवून त्यावर नाच बसवतात. म्हणजे संगीत आधी, नाच नंतर. क्रम बॅलेसारखाच.

फरक पुढे आहे. सिनेमातला नाच सलग नाचला जात नाही. दोन ओळी झाल्या की कट. कॅमेरा हलतो, लाइट बदलतो, नटी पाणी पिते, घाम टिपते, मग पुढच्या दोन ओळी. चार मिनिटांचं गाणं शूट व्हायला चार-पाच दिवस जातात. नाचणारीचा दम लागतो कुठे, ती श्वास घेणार कुठे, याचा विचार संगीतकाराला करावाच लागत नाही. एडिटिंगच्या टेबलवर ती कधीच दमत नाही.

आता स्टेजवरची लावणी बघा. ढोलकीवाल्याचं लक्ष नाचणारीच्या पायावर असतं. ती एका ओळीवर थांबली तर तोही तिथेच ठेका धरून थांबतो. तीच ओळ ती तीनदा, चारदा घेते. एकदा रुसून, एकदा हसून, एकदा समोरच्या बाकावरच्या माणसाची टर उडवून. बैठकीच्या लावणीत तर सगळा खेळ याच अदाकारीचा. मध्येच कोणी दौलतजादा करतो, गाणं थांबतं, पुन्हा सुरू होतं. शेवटाकडे लय चढते ती पायांच्या आणि ढोलकीच्या आपसातल्या भांडणातून. ते भांडण प्रत्येक रात्री वेगळं होतं.

हे सगळं रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर होऊ शकत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ट्रॅक ही रीड-ओन्ली फाइल आहे. नाचणारी ती चालवू शकते, तिच्यात काही लिहू शकत नाही. चार मिनिटं बारा सेकंदांचं गाणं चार मिनिटं बारा सेकंदांनीच संपणार, मग समोरचं पब्लिक पेटलेलं असो की जांभया देत असो.

सिनेमाच्या पार्श्वसंगीताचा नाचाशी संबंध त्याहून कमी. तिथे संगीतकार सगळ्यात शेवटी येतो. चित्र कापून, जोडून, कुलूप लावून त्याच्या हातात येतं आणि कुठल्या सेकंदाला दार उघडतं, कुठल्या सेकंदाला गोळी सुटते हे ठरलेलं असतं. त्याने त्या सेकंदांत संगीत बसवायचं.

अशी सवय लागलेल्या माणसाला माणसाच्या श्वासावर चालणारं दोन तासांचं संगीत लिहिणं वेगळं वाटणार, हे मान्य. पण वेगळं वाटणं म्हणजे अशक्य असणं नव्हे. आणि इथेच आपली पहिली सबब मोडते.

'त्यांना ते जमत नाही'

अमेरिकेचा एरन कोपलंड घ्या. त्याने 'ऑफ माइस अँड मेन'सारख्या सिनेमाला संगीत दिलं, पुढे 'द एअरेस'साठी ऑस्कर मिळवलं. मधल्या काळात, १९४४ साली, त्याने मार्था ग्रॅहमच्या नृत्यासाठी 'अपलेशियन स्प्रिंग' लिहिलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. मूळ रचना फक्त तेरा वाद्यांसाठी होती, कारण प्रयोग जिथे व्हायचा त्या सभागृहात वादकांना जागाच तेवढी होती. हा तेरा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रशियाच्या प्रोकोफिएवने आयझेन्स्टाइनच्या 'अलेक्झांडर नेव्हस्की'ला संगीत दिलं आणि 'रोमिओ अँड ज्युलिएट'चं बॅलेही लिहिलं. त्यावर नाचता येणार नाही असं नाचणारेच म्हणत होते. आज जगातल्या मोठ्या बॅले कंपन्या ते नाचतात. 'गॉडफादर'वाला निनो रोटा घ्या. फेलिनीच्या 'ला स्त्रादा'साठी केलेलं स्वतःचंच संगीत विस्तारून त्याने १९६६ साली मिलानच्या ला स्काला थिएटरसाठी बॅले केला.

हे झाले परके. आपल्याकडे विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी होते. उदय शंकर यांच्या नृत्यपथकाचे ते संगीतकार. १९३०च्या दशकात हे पथक युरोप-अमेरिकेत फिरत होतं, तेव्हा त्या नाचाला लागणारं संगीत ते घडवत होते. पुढे उदय शंकर यांनी 'कल्पना' (१९४८) हा सिनेमा केला, त्याचं संगीतही शिराळींचंच. म्हणजे आपल्याकडे स्टेजवरच्या नाचाकडून सिनेमाकडे जाणारी वाट होती. रविशंकरही त्याच पथकात वाढले, आणि सिनेमात येण्याआधी 'इप्टा'च्या बॅलेला संगीत देत होते.

आणि पुण्यात तर आपल्या नाकासमोर उदाहरण आहे. १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर, 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग. नाटक विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची, संगीत भास्कर चंदावरकरांचं. चंदावरकर रविशंकरांकडे सतार शिकलेले, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारे. 'माया दर्पण', 'सामना' या सिनेमांचं संगीत त्यांचं.

'घाशीराम'ला लोक नाटक म्हणतात, ते आहेच. पण एकदा त्याचा आवाज बंद करून व्हिडिओ बघा आणि एकदा चित्र बंद करून फक्त ऐका. रंगमंचावर नेपथ्य असं काही नाही. ब्राह्मणांची एक रांग आहे. ती डुलते, वळते, गाते, भिंत होते, गर्दी होते, पुन्हा भिंत होते. कीर्तन, अभंग, लावणी, खेळे यांचे रंग एकात एक मिसळत जातात आणि त्या रांगेच्या पायांवर गोष्ट पुढे सरकते. घरी बसून ट्रॅक पाठवून अशी रचना होत नाही. ती माणसं किती वेळ गात डुलू शकतात, कुठे दम घेतील, कुठल्या शब्दावर वळतील, हे माहीत असल्याशिवाय त्यातली एक चालही बसणार नाही. पुढे थिएटर अकॅडमीने हा प्रयोग देशात आणि युरोपात नेला.

तर जमत नाही हे खोटं. सिनेमात काम करणाऱ्या माणसाने पुण्यात पन्नास वर्षांपूर्वी ते करून दाखवलं आहे. त्याचा पुढचा अंक का लिहिला गेला नाही, हा खरा प्रश्न.

पाकीट कुठून येतं

नाचासाठी संगीत केव्हा केव्हा लिहिलं गेलं याची यादी केली की एक गोष्ट डोळ्यात भरते. प्रत्येक वेळी कोणीतरी आधी पैसे दिलेले असतात. प्रयोग चालल्यावर बघू, असं नाही. आधी.

तंजावरचे मराठे राजे बघा. दुसरे सरफोजी १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांच्या नावावर मराठीत लिहिलेल्या नृत्यरचना आहेत, 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस'. आपल्यातल्या बहुतेकांना पत्ताही नाही की दोनशे वर्षांपूर्वी तमिळ मुलखात मराठी शब्दांवर दरबारी नाच होत होता. विसाव्या शतकात मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी त्या रचना अभ्यासून पुन्हा नाचात आणल्या. त्याच तंजावर दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आजच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा जो क्रम आहे, तो बसवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. ते दरबाराचे कलावंत होते. त्यांच्या चुलीची काळजी दरबाराला होती.

संगीत नाटकाचंही तेच. 'मानापमान' (१९११) चालींनी गाजवणारे गोविंदराव टेंबे पुढे प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'चे (१९३२) संगीतकार झाले. मास्टर कृष्णरावांनी प्रभातचा 'माणूस', 'शेजारी' केला आणि 'कुलवधू' नाटकही केलं. वसंत देसाईंनी 'झनक झनक पायल बाजे' केला आणि 'पंडितराज जगन्नाथ' नाटकही. ही माणसं स्टेज आणि स्टुडिओ यांच्यात येऊन-जाऊन होती, कारण दोन्हीकडे काम सांगणारं आणि कामाचे पैसे देणारं कोणीतरी होतं. फक्त नाटक कंपनी पैसे देत होती ते गळ्यासाठी. पायांसाठी तिथे कोणी पैसे मोजत नव्हतं.

फडाकडे पायांसाठी लिहिणारा स्वतःचा माणूस होता, शाहीर. होनाजी बाळा हे एका माणसाचं नाव वाटतं, पण ती जोडी होती. होनाजी लिहायचा, बाळा गायचा. पठ्ठे बापूराव तर गावचं कुलकर्णीपण सोडून फडात गेले आणि तिथेच लिहीत राहिले. फडाचा कवी फडाबरोबर बैलगाडीत बसून पुढच्या गावाला जात होता. आज मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. ट्रक असतात, जनरेटर असतो, तंबू असतो, राहुट्या असतात, स्वयंपाकी असतात. नवं संगीत करणाऱ्या माणसाची जागा त्या यादीतून गळाली, कारण ते काम सिनेमा करून देतो. म्हणजे फडाला तसं वाटतं.

आता सर्वात ताजं उदाहरण. २०२३च्या मार्चअखेरीस मुंबईत नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर उघडलं. तिथला पहिला मोठा प्रयोग 'द ग्रेट इंडियन म्युझिकल: सिव्हिलायझेशन टू नेशन'. फिरोज अब्बास खान यांचं दिग्दर्शन, शेकडो कलाकार, नाचच नाच. संगीत कोणाचं? अजय-अतुल यांचं. त्याआधी २००२ साली लंडनच्या 'बॉम्बे ड्रीम्स'ला संगीत होतं ए. आर. रहमान यांचं.

बघितलंत? बोलावणारा असला आणि पाकीट जाड असलं की सिनेमाचे संगीतकार स्टेजवरच्या नाचासाठी लिहितात. आनंदाने लिहितात, चांगलं लिहितात. त्यांना वेळ नाही, त्यांना ते माध्यम कळत नाही, त्यांना स्टेज कमी दर्जाचं वाटतं, या सगळ्या सबबी तिथेच संपल्या.

संगीतकारांवर मी चिडलेलो नाही. त्यांच्या बाजूने हिशोब साधा आहे. सिनेमाचं गाणं एकदा करायचं. मग ते थिएटरात, रेडिओवर, फोनवर, रीलमध्ये, लग्नाच्या वरातीत वाजत राहतं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून थिएटरबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा संगीतकाराला लिहून देऊनही टाकता येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. स्टेजवरचं संगीत मात्र प्रयोग होईल त्याच रात्री कमावतं. प्रयोग बंद झाला की कमाई बंद. त्यात वादक बसवायचे, तालमी घ्यायच्या, पुन्हा पुन्हा बदलायचं. गाण्याची फाइल कॉपी करायला काही खर्च येत नाही. ढोलकीवाल्याची कॉपी काढता येत नाही, त्याला रोज रात्री जेवावं लागतं.

'पब्लिकला फिल्मीच पाहिजे'

आमच्या पट्ट्यातल्या एका यात्रा कमिटीतल्या अण्णांना मी विचारलं होतं, "अण्णा, लाइव्ह ढोलकीपार्टी का नाही आणत? पेनड्राइव्हवरच्या गाण्यांवर का नाचवता?"

अण्णा म्हणाले, "आरं बाबा, पोरं मोबाइलवर जे बघत्यात त्येच मागत्यात. आन् सहा वाजवणाऱ्यांची पाकिटं कुठनं भरायची?"

दोन वाक्यं. पहिलं सगळे सांगतात, दुसरं खरं आहे. सहा वाजवणारे आणले की सहा माणसांचे पैसे, जेवण, गाडीत जागा. पेनड्राइव्हला यातलं काहीच लागत नाही. अण्णांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्गणी गोळा करताना त्यांना दारोदार कोण काय बोलतं, तेही मी ऐकलं आहे.

पण पहिल्या वाक्याचा समाचार घेतलाच पाहिजे, कारण त्याच्या आडोशाला आपण सगळे उभे आहोत. पब्लिक फिल्मी गाणं मागतं, कारण तेच गाणं त्याने पाचशे वेळा ऐकलेलं असतं. आवड ही ऐकण्यातून तयार होते. 'पिंजरा' लागला त्या दिवशी राम कदमांच्या त्या लावण्या कोणाला पाठ होत्या? त्याही नव्याच होत्या. नवं गाणं पब्लिकला चालत नाही हा नियम असता, तर एकही सिनेमा नवं गाणं करून चालला नसता. नव्याला पोचायला वेळ आणि पैसा लागतो. सिनेमाकडे दोन्ही असतात. फडाला आपण यातलं काहीच देत नाही, आणि वर विचारतो की तुमच्याकडे नवं काय?

जुनंही चालतं, नीट मांडलं तर. भूषण कोरगावकर यांचं 'संगीत बारी' हे पुस्तक २०१४ साली आलं आणि त्यावरून त्याच नावाचा प्रयोग उभा राहिला. शकुंतलाबाई नगरकरांसारख्या मुरलेल्या कलावंत त्यात पारंपरिक लावण्या लाइव्ह वाद्यांवर सादर करतात. नाट्यगृहात बसलेला शहरी माणूस अदाकारी बघायला शिकला, तोही तासा-दोन तासांत. हाच माणूस 'लावणी आपल्याला झेपत नाही' म्हणणारा.

आता जरा कडू बोलतो. लावणीचा दर्जा घसरला म्हणून फेसबुकवर रडणारे लोक दरवेळी एकाच माणसाकडे बोट दाखवतात, नाचणाऱ्या बाईकडे. तिचे हावभाव, तिची साडी, तिची कंबर. तिच्या पायाखालचं संगीत कुठून येतं, याकडे कोणी बघत नाही. चार मिनिटांच्या ट्रॅकवर, ज्यात थांबायला जागा नाही, एका ओळीत चार अर्थ दाखवायला सवड नाही, तिथे ती काय करणार? हातात उरतं ते फक्त अंग हलवणं. अदाकारीची जागा संगीतात नसेल तर ती नाचात कुठून येईल? ढोलकीवाला काढून घेतला, पेटीवाला काढून घेतला, झीलकरी काढून घेतले, शाहीर तर कधीच गेला. एकट्या बाईला लाउडस्पीकरसमोर उभं केलं आणि मग तिच्याच अभिरुचीवर व्याख्यान दिलं. याला मी ढोंग म्हणतो.

यात सरकारही आहे. राज्य शासन विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगली गोष्ट आहे, द्यावाच. पण हा पुरस्कार होऊन गेलेल्या कामाला असतो. हयात गेल्यावर शाल आणि नारळ. चाळिशीतली एखादी कलावंतीण अजून नाचते आहे, तिला पुढच्या हंगामात नाचायला नवं काही मिळावं, यासाठी हात पुढे करायची आपल्याला आठवण होत नाही.

मग करायचं काय

मी ज्या पट्ट्यात राहतो तिथे पैसा नाही असं कोणी म्हणू नये. चाकणच्या गेटांवरून रोज किती ट्रक गाड्या भरून बाहेर पडतात ते हायवेवर अडकलेल्या कोणालाही विचारा. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार पाच कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. ते पैसे कुठे चालतील याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, आणि तीत पारंपरिक कलांचं संवर्धन आणि विकास हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. शाळेला बाकं द्या, गावाला पाण्याची टाकी द्या, ते आधी. पण त्या दोन टक्क्यांतला एक चिमूटभर तुकडा 'या वर्षी एका फडासाठी नवं संगीत' असा बाजूला काढायला कायदा आड येत नाही. आड येते आपली कल्पनाशक्ती.

दुसरं, आपले ऑफिसचे कार्यक्रम. दरवर्षी अ‍ॅन्युअल डेला एलईडी वॉल लागते, अँकर येतो, फिल्मी लावणीच्या ट्रॅकवर एचआरची टीम नाचते आणि सगळे मोबाइल वर करतात. मजा येते, मलाही येते. एका वर्षीच्या एलईडी वॉलच्या भाड्यात किती वाजवणारे किती दिवस तालीम करू शकतील, याचा हिशोब कमिटीतल्या कोणीतरी एकदा एक्सेलमध्ये मांडावा. आम्ही एवीतेवी प्रत्येक गोष्टीची एक्सेल शीट करतोच.

तिसरं, महापालिका. भोसरीत अंकुशराव लांडगे नाट्यगृह आहे, चिंचवडला प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, पिंपरीत आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. महोत्सव होतात, उद्घाटनं होतात, हारतुरे होतात. वर्षातून एकदा नवीन नृत्यसंगीताची मागणी काढा. एक फड, एक संगीतकार, सहा महिने, ठरलेली रक्कम, अर्धी आधी. प्रयोगाची तारीख आधीच जाहीर. आमच्याकडे डेडलाइनशिवाय काहीच पूर्ण होत नाही, कलेचंही फार वेगळं नसावं.

आणि इथे तो तेरा आकडा. दरवेळी परदेशी ऑर्केस्ट्रा लागत नाही. 'सैराट'ला हॉलिवूडच्या स्टुडिओतला ऑर्केस्ट्रा शोभला, कारण तो सिनेमा होता. फडाला ढोलकी, हलगी, पेटी, तुणतुणं, झांज आणि चार गळे पुरतात. वाटलं तर एक कीबोर्ड. कोपलंडने तेरांत भागवलं, आपलं आठ-दहांत भागेल. म्हणजे खर्च मोठा आहे ही चौथी सबबही फार काळ टिकत नाही.

अट एकच असावी. संगीत फडाच्या वाजवणाऱ्यांसोबत, नाचणारीच्या समोर बसून तयार व्हावं. सेंट पीटर्सबर्गमध्ये 'स्लीपिंग ब्यूटी' (१८९०) होताना नृत्यकार पेतिपा चायकोव्हस्कीला सांगत होता, की इथे मला इतक्या मात्रा हव्यात, असा भाव हवा, अशी लय हवी. चायकोव्हस्कीसारखा माणूस नाचणाऱ्याच्या हुकमावर मात्रा मोजून देत होता, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आमच्या लावणीवाल्या बाईंनाही म्हणता आलं पाहिजे, "भाऊ, या ओळीवर मला थांबायला जागा ठेवा." आणि समोर वही घेऊन बसलेल्या संगीतकाराने, तो कितीही मोठा असो, ती जागा ठेवली पाहिजे.

सिनेमाच्या संगीतकारांना एवढंच म्हणणं आहे. तुम्ही या लोकांकडून ठेका घेतलात, लकब घेतलीत, शब्दांची फेक घेतलीत. त्याचं सोनं केलंत, मान्य. आता दहा सिनेमांमागे एकदा पुणे-नाशिक हायवेने या. फुकट करा असं मी म्हणत नाही. फुकटचं काम टिकत नाही हे आम्हा इंजिनिअरांना चांगलं ठाऊक आहे. पैसे जमवायची जबाबदारी आमची, पगारदारांची, कमिट्यांची, कंपन्यांची. तुमची जबाबदारी फोन उचलण्याची.

आणि तुम्हाला, जे हे बसमध्ये किंवा कंपनीच्या कँटीनमध्ये फोनवर वाचताय, त्यांना एक काम. पुढच्या यात्रेला किंवा पुढच्या लावणीच्या प्रयोगाला गेलात की गाणं संपल्यावर शेजारच्याला विचारा, हे गाणं कोणत्या सिनेमातलं? तो पटकन नाव सांगेल. पुढचं गाणं झालं की पुन्हा विचारा. प्रत्येक गाण्याला सिनेमाचं नाव मिळत गेलं, तर समजा की त्या स्टेजवर त्या स्टेजचं असं काही उरलेलं नाही. मग कमिटीतल्या अण्णांना गाठा आणि म्हणा, पुढच्या वर्षी माझी वर्गणी दुप्पट, पण सहा वाजवणारे आणा.